कसब म्हणजे कमाई

मुलाने निबंधात ‘सुताराचे कसब’ असं लिहिलं की त्यावर लाल रेघ मारून वर ‘कौशल्य’ लिहिणारे शिक्षक मी पाहिले आहेत. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘शब्द आपला नाही हो, तिकडचा आहे.’ तिकडचा म्हणजे कुठला, हे सांगावं लागत नाही. मी अठरा वर्षं उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो आहे. मराठीच्या तासाला मी तिकडचा ठरतो आणि उर्दूच्या तासाला इकडचा. त्यामुळे या एका शब्दाची बाजू घेऊन भांडण्याचा हक्क मला आहे, असं मी समजतो.

भांडण दोघांशी आहे. एक, या शब्दाला परका म्हणणाऱ्यांशी. दुसरं, हा शब्द आमच्या घरचा आहे म्हणून मिरवणाऱ्या, पण त्याचा अर्थ रोज पायदळी तुडवणाऱ्या आपल्याच लोकांशी. पहिलं भांडण सोपं आहे. दुसरं जड आहे, पण तेच जास्त गरजेचं आहे.

आधी शब्द नीट पाहू.

मराठीत एकासारखे एक वाटणारे तीन शब्द आहेत: कसब, कसबा आणि कसाब. देवनागरीत लिहिले की ते सख्खे भाऊ वाटतात. उर्दूत लिहिले की ओळख पटते. ‘कसब’ छोट्या काफने आणि सीनने लिहितात. ‘कसबा’ आणि ‘कसाब’ बड्या काफने आणि स्वादने. म्हणजे धातूच निराळा. कसबा म्हणजे मोठं गाव, ठाण्याचं गाव. पुण्याची कसबा पेठ, कोल्हापूरचं कसबा बावडा, कोकणातलं कसबा संगमेश्वर यांतला कसबा तोच. अल्जिअर्स शहराचा जुना भाग ज्या नावाने जगाला ठाऊक आहे, तोही हाच शब्द. कसाब म्हणजे कापणारा, खाटीक. मराठीने अरबीतले दोन काफ एकाच ‘क’मध्ये आणि सीन, स्वाद एकाच ‘स’मध्ये बसवले, म्हणून हे तिघे एका रांगेत येऊन उभे राहिले. यात मराठीचा काही दोष नाही. प्रत्येक भाषा आलेल्या पाहुण्याला आपल्या घराच्या उंचीप्रमाणे वाकायला लावते.

पण या सारखेपणाची किंमत आम्ही मोजली आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यात पकडल्या गेलेल्या दहशतवाद्याचं नाव वर्तमानपत्रांत ‘कसाब’ असं छापून आलं आणि तेव्हापासून मराठीच्या तासाला ‘कसब’ हा शब्द मोठ्याने वाचला की मागच्या बाकावरून खसखस ऐकू येते. हसणारी मुलं हिंदूही असतात आणि मुसलमानही. एका खुन्याच्या नावाने एका निरपराध शब्दावर डाग पडला. म्हणून मी दरवर्षी हे तीन शब्द फळ्यावर उर्दूत आणि मराठीत शेजारी शेजारी लिहितो. आणि खाटीककामही हातांचंच, मेहनतीचं काम आहे, त्या शब्दातही लाज वाटण्यासारखं काही नाही, हेही त्याच दमात सांगतो.

आता ‘कसब’चा मूळ अर्थ. अरबीत कस्ब म्हणजे कमावणं, मिळवणं. रोजच्या उर्दूत आपण कस्ब-ए-हलाल म्हणतो, म्हणजे हलाल कमाई. कस्ब-ए-मआश म्हणजे पोटापाण्याची मिळकत. कुरआनात हा धातू वारंवार येतो आणि माणसाने जे केलं, तीच त्याची कमाई, या अर्थाने येतो. सूरह रूममध्ये तो थेट हातांना जोडून आला आहे. जमिनीवर आणि समुद्रात जो बिघाड माजला आहे, तो माणसांच्या हातांच्या करणीचं फळ आहे, असं तिथे बजावलं आहे. चांगलं असो वा वाईट, हात कमावतात आणि ती कमाई त्या माणसाच्याच खात्यावर जमा होते. ती बापाच्या नावावर जात नाही आणि खानदानाच्या नावावरही जात नाही.

यातूनच एक सुंदर जोडी तयार झाली. उर्दूतल्या जाणकारांना ती माहीत असते: वहबी आणि कसबी. वहबी म्हणजे देणगी म्हणून मिळालेलं, न मागता पदरात पडलेलं. कसबी म्हणजे प्रयत्नाने, सरावाने, घाम गाळून मिळवलेलं. आता आपल्या मराठीत बघा. एखाद्याच्या अंगच्या गुणाबद्दल आपण किती सहज म्हणतो, ‘तो जात्याच हुशार आहे.’ जात्याच! म्हणजे जन्मतःच. या शब्दाच्या पोटात ‘जात’ बसली आहे, हे बोलताना आपल्या लक्षातही येत नाही. ‘कसब’ हा शब्द नेमका त्याच्या उलट बाजूला उभा आहे. कसब जात्याच मिळत नाही. ते कमवावं लागतं. रंधा धरणारा हात पहिल्या दिवशी वाकडाच चालतो आणि हजाराव्या दिवशी सरळ. शिक्षक म्हणून मला या शब्दाची माया आहे ती यासाठी. शाळा नावाची गोष्ट ज्या विश्वासावर उभी आहे, तो सगळा विश्वास या तीन अक्षरांत आहे.

ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ साली ‘मुकद्दिमा’ लिहिला. त्यातलं एक आख्खं प्रकरण कस्ब आणि कारागिरीवर आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाची कमाई म्हणजे त्याच्या श्रमाची किंमत. सुतारकामात लाकूड असतं, विणकामात सूत असतं, पण वस्तूच्या मोलात मोठा वाटा असतो तो त्यावर राबलेल्या हातांचा. युरोपातले अर्थशास्त्रज्ञ श्रम आणि मूल्य यांची चर्चा करू लागले, त्याच्या कितीतरी आधी हे लिहून झालं होतं. त्याहूनही जुने इमाम मुहम्मद शैबानी. इमाम अबू हनीफांचे हे शागीर्द ८०५ साली वारले. त्यांच्या नावावर ‘किताबुल कस्ब’ हा ग्रंथ आहे. त्यात कमाईचे चार मार्ग सांगितले आहेत: मजुरी, व्यापार, शेती आणि कारागिरी. शब्दाचं खानदानच बघायचं असेल, तर हे आहे.

मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला आणखी पुढे नेलं. कमाईचा शब्द तिने हाताच्या सफाईसाठी वापरायला सुरुवात केली. ‘त्याच्या हातात कसब आहे’ असं मराठी माणूस म्हणतो, तेव्हा त्याला पैसे अभिप्रेत नसतात, हात अभिप्रेत असतो. तिथे उर्दू बोलणारा सहसा ‘हुनर’ म्हणेल. म्हणजे शब्द अरबीतून आला, फारसीच्या वाटेने आला, पण आपण आज ज्या अर्थाने तो बोलतो, त्या अर्थाला आकार मराठीच्या अंगणात मिळाला. असंच ‘तालीम’चं झालं. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा, मुद्गल आणि जोर-बैठका. पुस्तकातलं शिकणं मराठीने अंगात मुरवलं. माझ्या भाषेचा हा स्वभाव मला फार आवडतो.

वर्गात मी मुलांना विचारतो, ‘कसब’ कुठून आला असेल? कुणी सांगतं, सर, ‘कस’पासून; कस लागतो ते कसब. कुणी सांगतं, ‘कसणे’पासून, जमीन कसतात तसं. व्युत्पत्ती म्हणून दोन्ही उत्तरं चूक, पण मुलांचा कान चूक नाही. मराठी कानाने या अरबी शब्दाला कस, कसोटी आणि कसणे यांच्या पंगतीत केव्हाच बसवून टाकलं आहे. मोल्सवर्थने आपला मराठी कोश १८३१ साली छापला, तेव्हाही हा शब्द मराठीत मुरलेला होता. एवढ्या काळात शेजाऱ्यांशी असं नातं जमलेल्या शब्दाला परका म्हणायचं असेल, तर मग घरचा कोण?

भाषाशुद्धीची परंपरा जुनी आहे, हे मला मान्य आहे. शिवछत्रपतींच्या काळात ‘राज्यव्यवहारकोश’ झाला. विसाव्या शतकात सावरकरांनी ही चळवळ हाती घेतली आणि ‘महापौर’सारखे चांगले शब्द दिले. माझी त्याला हरकत नाही. नवे शब्द घडवणं हेही कसबच आहे. पण त्याच काळात माधव ज्यूलियनांनी फार्सी-मराठी कोश केला आणि मराठीत मिसळलेल्या फारसी शब्दांची रीतसर नोंद ठेवली. तीही मराठीची सेवाच. शब्द घडवणं वेगळं आणि मुलाच्या वहीतून बापाच्या धंद्याचा शब्द खोडणं वेगळं.

आणि खोडायचं तर किती खोडणार? ‘कारागीर’ फारसीतून आलेला. त्यातला ‘कार’ म्हणजे काम. तो संस्कृतच्या ‘कृ’ धातूचा चुलत भाऊ. कुंभकार, चित्रकार यांतला ‘कार’ आणि शिकलगार, सौदागर यांतला ‘गार’, ‘गर’ एकाच जुन्या घरातून निघून दोन दिशांना गेलेले. ‘हुन्नर’ही फारसी. आणि ज्या ‘कौशल्य’ला आपण शुद्ध, सुसंस्कृत म्हणून वर बसवतो, त्याचं मूळ तरी काय? कुशल म्हणजे जो कुश कापून आणतो तो, अशी पारंपरिक व्युत्पत्ती संस्कृतचे अभ्यासक सांगतात. दर्भाच्या पात्याला धार असते. हात न कापता तो कापून आणणारा, तो कुशल. म्हणजे कौशल्यसुद्धा मुळात बोटांचाच शब्द! वर्तमानपत्रातल्या जाहिरातींनी त्याला कोट घातला एवढंच. कौशल्य आणि कसब यांच्यात वैर नाही. दोघंही हातावर घट्टे पडलेले शब्द आहेत. वैर आहे ते घट्टे पडलेल्या हातांना कमी लेखणाऱ्या मनात.

इथून दुसरं भांडण सुरू होतं.

आपल्या मराठी मुसलमानांची आडनावं एकदा मोठ्याने वाचून बघा. शिकलगार: हत्यारांना धार आणि झिलई देणारे, मूळ अरबी सैकल, म्हणजे झिलई. नदाफ: कापूस पिंजणारे. पिंजारीही तेच, फक्त शब्द मराठी. अत्तार, तांबोळी, बागवान, मण्यार, मोमीन, रंगरेज, कागदी. ही आडनावं म्हणजे कसबांची यादी आहे. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे आणि कागदीपुराही आहे. तांबं ठोकणारा हिंदू आणि कागद करणारा मुसलमान एकाच पेठेत राबत होते. महाराष्ट्रात आमची मुळं कशाने रुजली असं कुणी विचारलं, तर मी तलवारीचं नाव घेणार नाही. मी तलवारीला धार लावणाऱ्याचं नाव घेईन.

आणि या आडनावांचं आपण काय केलं? लग्न जमवायची वेळ आली की हीच आडनावं आपण चाळणीसारखी वापरतो. ‘लोक चांगले आहेत, पण पिंजारी आहेत.’ ‘मुलगा शिकलेला आहे, पण वडील हातगाडीवर धार लावायचे.’ ही वाक्यं मी चहाच्या टेबलावर ऐकली आहेत आणि बोलणारे पाच वक्त नमाज पढणारे होते. कुणी टोकलं की ‘कुफू’चा हवाला देतात. फिकहच्या किताबांत बरोबरी बघायला सांगितली आहे, असं म्हणतात.

तर मग फिकहच बघू. हनफी किताबांत निकाहच्या बरोबरीत पेशाची चर्चा आहे, हे खरं. विणकर आणि चामडं कमावणारा यांना अत्तारविक्या आणि कापडव्यापाऱ्याच्या खाली ठेवणारी मतं तिथे आहेत. पण त्याच ‘हिदाया’त दुसरी बाजूही नोंदवली आहे. पेशा माणसाला कायमचा चिकटलेला नसतो, तो सोडून दुसरा धरता येतो, म्हणून तो बरोबरीत धरू नये, असा त्या मताचा आशय. इमाम मालिकांनी बरोबरीत दीन पाहिला, धंदा नाही. मतं दोन्ही होती. आपण उचललं कुठलं? जे आपल्या गावातल्या जातीच्या उतरंडीत बरोबर बसत होतं, तेच. फिकहचं नाव घेऊन आपण मनुस्मृतीचं काम केलं, असं मी म्हटलं तर राग येईल. यावा.

ज्या उलेमांचे हवाले देतो, त्यांची नावं तरी आपण नीट वाचली आहेत का? खस्साफ: हनफी फिकहचे मोठे इमाम, नावाचा अर्थ जोडे शिवणारा, आणि त्यांचं पोट त्याच कामावर चालायचं. जस्सास म्हणजे चुन्याच्या, गिलाव्याच्या कामाशी नातं सांगणारं नाव. हलवानी म्हणजे मिठाईवाले. मोच्याच्या, गवंड्याच्या आणि हलवायाच्या नावांनी भरलेली किताबं डोक्यावर घ्यायची आणि गल्लीतल्या मोच्याला दारात उभं करायचं! स्वतःच्या हातच्या कामातून मिळालेल्या घासाहून चांगला घास नाही, या आशयाची हदीस बुखारीत आहे आणि तिथे उदाहरण दिलं आहे ते हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांचं. लोखंडाची चिलखतं घडवणारे पैगंबर. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, असं हदीसमध्ये आहे. आजच्या एखाद्या ‘शरीफ’ घरात या दोघांच्या मुलांचे पैगाम आले असते, तर काय उत्तर गेलं असतं?

कसब म्हणजे कमावलेलं. जन्माने चिकटलेलं नव्हे. याचा धडधडीत पुरावा मिरजेत आहे. तिथल्या शिकलगारांचं काम हत्यारांचं होतं. राज्यं गेली, हत्यारांची मागणी आटली. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि त्यांच्या घरच्यांनी तंतुवाद्यांच्या कामात हात घातला. ज्या हातांना पोलादाची धार कळत होती, त्यांना तारेचा सूर कळू लागला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणायचे, वाळवायचे, कोरायचे, लाकडी दांडीशी जोडायचे आणि मग जवारी काढायची. ही जवारी म्हणजे घोडीचा माथा घासून घासून असा आणायचा, की तारेचा आवाज भरीव आणि लांबलचक निघावा. ते काम मोजपट्टीने होत नाही, कानाने आणि बोटाने होतं. शिकलगारांचे सतारमेकर झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. देशभरच्या मैफलींत ज्या तंबोऱ्यावर षड्ज लागतो, त्यांतले कित्येक या हातांतून गेले आहेत. ‘जात्याच’ हा शब्द खरा असता, तर ही माणसं आजही धारच लावत बसली असती.

आता या शब्दाच्या सगळ्यात दुखऱ्या जागेकडे येतो.

‘कसबी’ हे विशेषण पुरुषाला लावलं की तो गौरव होतो. कसबी कारागीर, कसबी वादक. बाईला लावलं की? मराठीत ‘कसबीण’ म्हणजे वेश्या. उर्दूतही बाईसाठी ‘कसबी’चा अर्थ तोच. दोन्ही भाषा, ज्यांच्यात एरवी एका अक्षरावरून वाद होतात, या बाबतीत एकमताने बोलल्या. कमावणारा पुरुष म्हणजे कुशल. कमावणारी बाई म्हणजे बाजारातली. ज्या बायकांवर ती वेळ आली, त्यांना हिणवण्याचा माझा हेतू नाही. त्यांनाही पोट होतं आणि त्यांना तिथे आणणारे पुरुषच होते. माझा मुद्दा आपल्या मनाचा आहे. बाईच्या हाताला पैसा मिळू लागला की आपल्या मनात पहिला विचार कोणता येतो, हे या एका शब्दाने कोशात लिहून ठेवलं आहे.

हे जुनं झालं, असं म्हणू नका. पालकसभेला येणाऱ्या आयांना मी फॉर्म भरताना विचारतो, ‘काम काय करता?’ एक बाई म्हणाली, ‘मैं काम-वाम कुछ नै करती सर, घरमेंच बैठको मोती टाकती.’ तिच्या बोटांच्या टोकांना सुईने पाडलेली भोकं मला दिसत होती. लग्नाच्या एका ओढणीवर दिवसच्या दिवस बसायचं, डोळे लाल करायचे आणि म्हणायचं काम करत नाही! तिने ते तसं म्हटलं, कारण घरात तिला तसंच शिकवलं होतं. ‘काम करते’ म्हटलं तर नवऱ्याची इज्जत जाते. ‘बसल्या बसल्या करते’ म्हटलं की इज्जतही राहते आणि दर पाडणाऱ्या ठेकेदाराचंही भलं होतं. जे काम कामच नाही, त्याची मजुरी कोण मागणार? ती ओढणी दुकानात काचेमागे लटकते तेव्हा तिच्यावर ‘हँडवर्क’ असं लिहिलेलं असतं आणि त्या एका शब्दाचे वेगळे पैसे लागतात. ते पैसे त्या हातापर्यंत किती पोचतात, हे त्या बाईला विचारा.

शब्दातून कमाई काढून घेतली की उरतं ते नुसतं कौतुक. कौतुक स्वस्त असतं. हुनर हाट भरले, विश्वकर्मा योजनेत १८ धंद्यांची यादी झाली, अवजारांसाठी १५,००० रुपये ठरले. ज्याला मिळतील, त्याने जरूर घ्यावेत. तो त्याचा हक्क आहे. पण त्या स्टॉलसमोर फोटो काढून ‘काय हात आहे हो!’ म्हणणारा माणूस वस्तूची किंमत ऐकली की घासाघीस सुरू करतो, ते कुठली योजना थांबवणार? मॉलमध्ये छापील किंमत निमूट देणारे आपण दर्ज्याशी शिलाईवरून वाद घालतो, बावर्चीचे पैसे वलीमा झाल्यावर आठवडाभर लोंबकळत ठेवतो. मजुराचा घाम सुकायच्या आत मजुरी द्या, या आशयाची हदीस आपल्याला पाठ असते, फक्त ती दुसऱ्याला ऐकवायची म्हणून.

माझ्या धंद्यातलाही हिशेब मांडतो. वेळापत्रकात ‘कार्यानुभव’ नावाचा तास असतो. परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याचा जातो. गणिताचे सर तो मागून घेतात आणि कुणालाच काही वाटत नाही. बी.एड.ला आम्ही वर्धा योजना पाठ केली होती. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. हातांच्या उद्योगातून शिक्षण, ही त्या योजनेची कल्पना. तिचा अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले. एका मुसलमान शिक्षकाने महाराष्ट्राच्या मातीत बसून सांगितलं, की मूल टकळीवर सूत काढताना गणितही शिकतं, भूगोलही शिकतं आणि श्रमाची लाजही विसरतं. परीक्षेत या समितीवर प्रश्न यायचा. उत्तर लिहून आम्ही पास झालो. आता आमच्याच वर्गांत शिक्षा म्हणून मुलाला बागेत पाठवतात, म्हणजे हाताने काम करणं ही सजा आहे, हे आम्हीच शिकवतो. आणि शेरा काय मारतात? ‘अभ्यास केला नाहीस तर बापासारखा गॅरेजमध्ये बसशील.’ ज्या बापाच्या गॅरेजमधल्या कमाईतून त्या मुलाची वह्या-पुस्तकं येतात, त्याच्याबद्दल हे बोललं जातं, त्या मुलासमोर.

मुलाने शिकून डॉक्टर व्हावं, यात वाईट काही नाही. माझीही तीच इच्छा असते. पिढ्यानपिढ्या एकाच धंद्यात अडकून राहणं म्हणजे कसब नव्हे, ती तर जात झाली. धंदा बदलायचा हक्क हवाच. पण बापाच्या हाताची लाज बाळगून जो वर चढतो, तो पुढे दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला खाली ढकलणार, हे ठरलेलं.

म्हणून माझ्या वाचकांकडे, मुसलमान असोत वा नसोत, मागणी साधी आहे. ‘कसब’ शब्द वापरा आणि पुऱ्या अर्थाने वापरा. तो कमावलेला असतो, म्हणून कुणाच्याही मुलाला तो शिकता येतो. बिरादरीचा दाखला मागू नका. तो कमावणारा असतो, म्हणून त्याची किंमत द्या. नुसती वाहवा देऊन वाटेला लावू नका. निकाहच्या बायोडेटात वडिलांचा धंदा लपवू नका. घरात बसून मोती टाकणाऱ्या बहिणीला, भावजयीला, आईला विचारा, एका ओढणीचे किती मिळाले? आकडा ऐकल्यावर ठेकेदाराकडे जाऊन तिच्या बाजूने बोला. आणि पुढच्या वेळी कुणी ‘काम काय करता?’ असं विचारलं, तर ‘कुछ नै’ हे उत्तर तिला देऊ देऊ नका.